पंखांची प्रतवारी

'मला पंख असते तर' हा निबंध लिहिल्याशिवाय मराठी शाळेतून कुणाची सुटका झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या वर्गात 40 मुलं होती. त्यांतल्या 39 जणांनी गरुडाचे पंख मागितले, हिमालयाच्या शिखरावरून भारतमातेला वंदन केलं आणि शेवटच्या परिच्छेदात आईच्या हाकेने जागे झाले. मी कोंबडीचे पंख मागितले होते. कारण साधं होतं. आमच्या वाड्यामागे कुंपणापलीकडे एक बोरीचं झाड होतं, कुंपण पुरुषभर उंच होतं, आणि शेजारणीची कोंबडी ते कुंपण रोज सकाळी विनातक्रार ओलांडते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हिमालयात माझं काही काम नव्हतं. गुरुजींनी मला 10 पैकी 3 गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'ध्येय उच्च असावे.' वर एक छडी दिली, ती बहुधा बोरांबद्दल असावी.

या गोष्टीला साठ-पासष्ट वर्षं होऊन गेली. ते 3 गुण मी विसरलोही असतो. पण गेल्या वर्षापासून दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तीच पंखांची प्रतवारी नव्याने सुरू झाली आहे, आणि या खेपेला तिच्यात आमचा नातू सापडला आहे. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

प्रकार असा. नातू आणि त्याचे तीन मित्र टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पट लागतोच असं नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, फासा मात्र हवाच आणि त्याला 20 बाजू. (शकुनिमामांच्या हाती हा फासा पडला असता तर वनवास बारा वर्षांवर भागला नसता.) प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. एक मुलगा नुसती देखरेख करतो. राक्षस सोडतो, दारं उघडतो, दारं बंद करतो. त्याला 'डी. एम.' म्हणतात. आमच्या वेळी डी. एम. म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट. अधिकार साधारण तेवढेच. चार तास टेबल अडतं, चिवड्याचा डबा तळाला जातो, आणि 'अभ्यास सोडून हे काय मेलं' असं म्हणत आमची ही त्यांच्या पोह्यांवर नेहमीपेक्षा जास्त खोबरं पेरते.

या खेळाच्या जगात साधी माणसं आहेतच, पण पक्ष्यांच्या घाटाची माणसंही आहेत. एकदोन प्रकारची नव्हेत. चांगल्या जाती आहेत. जाती हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. सर्वांत वर आराकोक्रा. 1981 सालच्या एका पुस्तकात ते प्रथम अवतरले. तोंडवळा गरुडाचा, मुक्काम उंच कड्यांवर, वायुतत्त्वाच्या लोकाशी घरोबा, आणि छताखाली कोंडलं की यांचा जीव कासावीस होतो. वजन अवघं 80 ते 100 पौंड. उडतात इतकं झकास, की पुष्कळसे डी. एम. त्यांना खेळात घेतच नाहीत. बाकीच्यांना काही कामच उरत नाही म्हणे. मग 2021 साली घुबडमाणसं आली. त्यांचं नाव आउलिन. यांची नेमणूक थेट विद्यापीठात. ज्या पुस्तकात ती आली ते पुस्तकच मुळी एका जादूच्या विद्यापीठाबद्दल आहे. पिसं इतकी मऊ की उडताना आवाज नाही.

आणि सगळ्यांत खाली, शहराच्या गल्लीबोळांत, अंधाऱ्या कोपऱ्यांत, चोरांच्या टोळ्यांत राहतो तो कावळामाणूस. त्याचं नाव केन्कू. त्याला पंख नाहीत. म्हणजे होते, पण काढून घेतले. 2016 सालच्या त्यांच्या एका पुस्तकात त्याची हकीगत दिली आहे. केन्कू कुण्या एका बलाढ्य मालकाच्या पदरी होते. मालकाकडे काहीतरी चकाकणारा ऐवज होता. कावळेच ते, त्यांची नजर त्यावर गेली. तो लांबवायचा त्यांनी बेत केला, आणि तो पार पडण्याआधीच मालकाला सुगावा लागला. मालकाने तीन शाप दिले. एक, पंख झडतील. दोन, स्वतःचं असं नवीन काही सुचणार नाही. तीन, स्वतःचा आवाज राहणार नाही. कानांवर पडलेले दुसऱ्यांचे आवाज आणि शब्द तेवढे जसेच्या तसे काढता येतील. आणि हे शाप त्या चोरांपुरते नाहीत बरं का! त्यांच्या मुलांना, नातवंडांना, अंड्यातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक पिलाला. कायमचे.

मी 34 वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली आहेत. शिक्षा कशा होतात हे मला कुणी शिकवायला नको. पण नुसत्या बेतावर आमच्याकडे साधा मेमोसुद्धा निघत नसे. निघाला असता तर सगळं खातं सस्पेंड झालं असतं. आणि बापाचा मेमो मुलाच्या फायलीला लावायचा? ही रीत त्या अमेरिकन लेखकांनी स्वतःच्या डोक्यातून काढली असं आपल्याला वाटत असेल तर वाटो. आजोबाने न केलेल्या गुन्ह्यासाठी नातवाला गावाबाहेर बसवण्याची पद्धत आपल्याला अगदीच नवी आहे, असं छातीवर हात ठेवून मला तरी म्हणता येणार नाही.

तर आमच्या नातवाने निवडला तो हा केन्कू.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा नातू बोलताना अडखळतो. 'क' वर अडतो, 'प' वर अडतो, आणि सर्वांत जास्त स्वतःच्या नावावर अडतो. आठवीत आहे. हजेरीला 'हजर' न म्हणता हात वर करतो. शाळेत त्याला कुणी चिडवत नाही. मास्तरमंडळी इतकी सज्जन आहेत की त्याला उभं करून वाचायला लावत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, स्नेहसंमेलनात त्याला पडदा ओढायचं काम देतात. पाच वर्षं तो पडदा ओढतोय. आता मला सांगा, अशा मुलाने 20 बाजूंचा फासा हातात घेऊन, वाटेल ते होण्याची मुभा असताना, गरुड सोडून, घुबड सोडून, पंख कापलेला आणि आवाज काढून घेतलेला कावळाच का व्हावं? मला तर वाटलं, त्या पुस्तकानेच त्याला सांगितलं असणार, बाबा रे, तुझी जागा ही.

त्या दिवसापासून मी पंखांच्या माणसांचा अभ्यास सुरू केला. रिटायर झालेल्या माणसाला शत्रू मिळाला की त्याची तब्येत सुधारते. माझी सुधारली.

सुरुवातीलाच एक आक्षेप निकालात काढतो. आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांची हरकत प्रतवारीवर नाही, मूळ कल्पनेवरच आहे. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच, ते म्हणतात, तेव्हा दोन पाय, दोन हात आणि शिवाय दोन पंख हा हिशेबच चुकला. उडायचे स्नायू बसवायचे तर छातीचं हाड होडीच्या नाळेसारखं पुढे काढावं लागेल. आणि वजनाचं काय? एके काळी नान्नजच्या माळावर दिसणारा आपला माळढोक 15 किलोंच्या आसपास थांबला. जगातले सर्वांत जड उडणारे पक्षी 20 किलोंच्या आतबाहेर. 1979 साली एका सायकलपटूने पायांनी पेडल मारत इंग्लिश खाडी उडत ओलांडली, तर त्या यंत्राचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ 29 मीटर भरले. 'एवढे पंख घेऊन तुम्ही आपल्या जिन्यात वळणार कसे?' असं विचारून ते माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहतात. माझं वजन 78 किलो आहे.

हेच गृहस्थ दर शनिवारी मारुतीला तेल घालतात. मारुतीला तर पंखही नव्हते. नुसत्या शेपटीवर तो समुद्र ओलांडून गेला. त्याला कधी यांनी छातीच्या हाडाचं मोजमाप विचारलं नाही. गोष्टीत उडायला परवाना लागत नाही, एवढं बोलून मी त्यांना सोडून देतो. माझी लढाई त्यांच्याशी नाही.

माझी लढाई आहे ती ज्यांनी उडायला तर दिलं, पण उडण्याआधी वरिष्ठतेची यादी लावली त्यांच्याशी. आणि ही माणसं काल-परवाची नाहीत. ख्रिस्ती देवदूतांचंच पाहा. बायबलात यशया या प्रेषिताला दिसलेल्या सेराफ नावाच्या दूतांना सहा पंख. यहेज्केलला दिसलेल्या करूबांना चार. चित्रांतल्या सामान्य देवदूताला दोन. आमच्या खात्यात याला सिलेक्शन ग्रेड म्हणत. आणि सैतानाला? मध्ययुगातल्या युरोपी चित्रकारांनी त्याला वटवाघळाचे कातडी पंख चिकटवले. वटवाघळाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? दिवसभर उलटं टांगून घेतं, रात्री पोटापाण्याला बाहेर पडतं. आमच्या इमारतीत सेकंड शिफ्टला जाणारे तिघे आहेत, तेही याहून वेगळं काही करत नाहीत. ग्रीकांनी बायकांना पक्ष्याचं अंग दिलं ते हार्पी करण्यासाठी, म्हणजे लोकांच्या ताटातलं अन्न पळवणाऱ्या. त्यांच्या सायरेनी, ज्या आता सर्वांना अर्ध्या मासोळ्या वाटतात, त्याही मुळात अर्ध्या पक्षिणीच होत्या. गाऊन गाऊन खलाशांना बुडवणाऱ्या. पुरुषाला पंख फुटले की देवदूत आणि बाईला फुटले की अवदसा. ही गोष्ट मी हिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'अहो, त्यात ग्रीकांचं काय एवढं?'

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्याकडे पोर अजून दुधावर असतं तेव्हाच त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगतात. त्यात चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं. पावसात शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा दारात भिजत उभा. पोर हसतं, घास गिळतं. पहिल्या घासाबरोबर प्रतवारी पोटात गेली. नंतर हाच कावळा दहाव्या दिवशी पिंडाला शिवावा म्हणून आपण टकलावर ऊन घेत तासन्‌तास घाटावर ताटकळतो, तेव्हा त्याची काय मिनतवारी करतो! पण ती तेवढ्यापुरतीच. घरी आलो की पुन्हा हाड्‌हुड्‌.

घुबडाची तर गंमतच आहे. तिकडे त्याला विद्यापीठात नेमलं आहे. इकडे वर्गात मला गुरुजी 'घुबडा' म्हणत, ते काही कुलगुरू समजून नव्हे. आणि लक्ष्मीचं वाहन कोण, तर तेच. एकच पक्षी एका जागी प्रोफेसर, दुसऱ्या जागी शिवी आणि तिसऱ्या जागी सरकारी गाडी. म्हणजे ही प्रतवारी पंखांत नाही, पाहणाऱ्याच्या रजिस्टरात आहे.

पण आपल्याच थोरल्या गोष्टीत एक फार शहाणी जागा आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. रावणाला आडवा कोण गेला? जटायू. जटायू कोण? आमच्या 39 वर्गबंधूंना विचारलंत तर ते सांगतील, गरुड. मुळीच नाही! जटायू गिधाड. रामायण त्याला गृध्रराज म्हणतं. विष्णूला पाठीवर घेणारा प्रत्यक्ष गरुड, ज्याच्या मूर्ती आपल्या देवळांपासून पार बालीच्या बेटापर्यंत उभ्या आहेत, तो त्या दिवशी तिथे नव्हता. मेलेली ढोरं खाणारा, म्हातारा पक्षी तेवढा मध्ये पडला. रावणाने त्याचे पंख छाटले. पण रामाने त्याची उत्तरक्रिया केली ती बापासारखी. त्याचा थोरला भाऊ संपाती. धाकट्याला सूर्याच्या झळीपासून वाचवायला त्याने स्वतःचे पंख वर धरले आणि ते जळून गेले. किती वर्षं तो तसाच डोंगरावर पडून होता. मग वानर आले, आणि त्याने त्यांना सांगितलं की सीता लंकेत आहे, मला इथून दिसते आहे. गिधाडाची नजरच तशी. एवढं त्याने सांगितलं आणि त्याला पुन्हा पंख फुटले.

हे मला त्या केन्कूच्या पुस्तकवाल्यांना सांगायचं आहे. तुमच्याकडे पंख गेले तेव्हा आवाजही गेला. आमच्याकडे एकाला बोलल्यामुळे पंख परत मिळाले. पंख कापणारे लेखक बहुत आहेत. चायना मिएव्हिल नावाच्या इंग्रज कादंबरीकाराच्या 2000 सालच्या 'पर्डिडो स्ट्रीट स्टेशन'मध्ये तर चक्क गरुड नावाची जमात आहे, नाव आपल्याकडून नेलेलं. त्यातल्या एकाचे पंख त्याच्याच लोकांनी करवतीने कापले आहेत. पण तिथे गुन्हा त्याचा स्वतःचा होता आणि भयंकर होता. शिवाय त्या कापण्याचं दुखणं पानोपानी आहे. केन्कूचं दुखणं दीड पानात उरकलं आणि पुढे लगेच त्याच्या चोरीच्या कौशल्याचे आकडे.

मग माझ्या मनात आलं, की ही यादी जर खरोखर पक्ष्यांना विचारून केली असती तर? पक्षी एकमेकांना श्रेष्ठ-कनिष्ठ कुठे मानतात! पंख म्हणजे अवजार. सुताराच्या पेटीत रंधा मोठा की पटाशी मोठी असा वाद होत नाही.

गिधाडमाणूस घ्या. त्याचे पंख रुंद, टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली. जमीन तापून ऊन हवा वर चढू लागली की तिच्यावर बसून हा फुकटात वर जातो. 1973 साली आयव्हरी कोस्टवर एका विमानाला आफ्रिकेतलं एक गिधाड धडकलं तेव्हा ते विमान 37 हजार फुटांवर होतं. म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. पण एक अडचण आहे. सकाळी हवा गार असेतो त्याला उठता येत नाही. असा माणूस कचेरीत 11च्या आत येणं शक्य नाही. त्याला लेट मार्क लावाल की त्याची वेळ बदलाल, यावर तुमची कचेरी कसली आहे ते ठरेल. शिवाय तो नसला तर काय होतं हेही आपण पाहिलं आहे. 1990 नंतर गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाने आपल्याकडची गिधाडं लाखांनी मेली, आणि उकिरड्यावरची ढोरं तशीच कुजत पडली, तेव्हा कळलं की हा घाणेरडा पक्षी रोज काय उचलत होता.

पाकोळीच्या पंखांची माणसं सडपातळ, कोयत्याच्या पात्यासारख्या पंखांची. युरोपातल्या पाकोळ्यांना स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी इवलीशी यंत्रं बांधून पाहिलं, त्याचा निकाल 2016 साली लागला: काही पाकोळ्या दहा-दहा महिने खाली टेकतच नाहीत. खाणंपिणं, झोप, सगळं हवेत. मुंबईतल्या जागेच्या प्रश्नावर याहून चांगलं उत्तर माझ्या ऐकण्यात नाही. पण त्यांचे पाय अगदी नावाला. घरी आले तर धड उंबऱ्यात उभं राहता येत नाही. आमचे चिरंजीव नोकरीसाठी परदेशांत फिरत असतात आणि वर्षातून एकदा येतात, ते याच जातीचे असावेत असा मला संशय आहे. नातू आमच्याकडे असतो तो त्यामुळेच.

अल्बट्रॉसमाणसाचे पंख सर्वांत लांब. पक्ष्याचेच साडेतीन मीटरपर्यंत भरतात. खांदा एकदा अडकवून ठेवला की पंख न हलवता समुद्रभर तरंगतो. चढायला मात्र धावपट्टी लागते, चाळीच्या गॅलरीतून जमायचं नाही. तिथे चिमणमाणूस हवा. आखूड, गोल पंख, अरुंद जागेत झटकन वळणारा. दादरच्या पुलावर सायंकाळी सहा वाजता गरुडाला उभा करा आणि चिमणीला उभी करा, मग सांगा भरारी कुणाची. पेंग्विनमाणूस तर पंखांनी पाण्यात उडतो. तेही उडणंच, फक्त इंजिनियर साहेबांना ते वरून दिसत नाही. घुबडमाणसाबद्दल मी एवढंच म्हणेन की रात्री उशिरा घरी येऊन हिला जाग येऊ नये एवढ्यासाठी मी ते पंख विकत घेतले असते.

आणि कोंबडी. वाचकहो, कोंबडीला हसू नका. तिचे पूर्वज रानकोंबडे. तिच्या छातीचा स्नायू लांब पल्ल्याचा नाही, पण क्षणात सगळी ताकद लावणारा आहे. कोल्हा आला की तिला काशीयात्रेला जायचं नसतं. समोरच्या फांदीवर जायचं असतं, आणि ते ताबडतोब. कोंबडीच्या पंखांची माणसं आयुष्यात चार-सहा वेळाच उडतील. पोरगं गाडीखाली येत असताना, शेजारी आग लागली असताना, एकदा कदाचित बोरांसाठी. बाकीचे दिवस ती जमिनीवर दाणे टिपतील आणि त्यांच्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टात 'समाधानकारक' एवढाच शेरा पडेल. माझ्यावर तो 34 वर्षं पडला. मला त्याचं काही नाही. पण त्या 3 गुणांचं मी अजून सोडलेलं नाही.

राहिला कावळा. कावळ्याचे पंख ना फार लांब ना आखूड, कुठल्याच कामात पहिला नंबर नाही, सगळ्या कामांत पास. डोकं मात्र असं की न्यू कॅलिडोनिया बेटावरचे कावळे काटक्यांचे आकडे करून किडे ओढून काढतात, आणि अमेरिकेतल्या कावळ्यांनी एकदा त्रास देणाऱ्याचा चेहरा पाहिला की ते तो वर्षानुवर्षं विसरत नाहीत. अशा पक्ष्याला 'तुला नवीन काही सुचणार नाही' असा शाप? ज्याने हे लिहिलं त्याच्या डोक्यावर आयुष्यात कधी कावळ्याने टोच मारलेली नसावी.

एवढी सगळी तयारी झाल्यावर मला एक बातमी लागली. नातवाच्याच एका मित्राने दिली. 2022 साली त्या खेळाच्या कंपनीने बऱ्याच जातींचं नवं पुस्तक काढलं, आणि त्यात केन्कूला आवाज परत दिला. नक्कल करण्याचं कसब आहेच, पण आता तो स्वतःच्या शब्दांत इतरांसारखा बोलू शकतो. सुचायचंही बंद नाही. पंख मात्र अजून दिलेले नाहीत. मी म्हटलं, अर्धा विजय तर अर्धा विजय. शनिवारी दुपारी मी एरवी आतल्या खोलीत पडलेला असतो. त्या दिवशी उठलो, सदरा चढवला आणि बातमी घेऊन टेबलापाशी गेलो.

'अरे, ऐकलंस का,' मी नातवाला म्हटलं, 'शाप उठला. तुझ्या कावळ्याला आता स्वतःचं बोलता येतं.'

नातवाने वर पाहिलं. 'मा-मा-माहितेय, आजोबा,' तो म्हणाला. 'पण आम्ही जु-जुनाच नियम प... प... ठेवलाय.'

'का म्हणून?'

त्याने उत्तर दिलं नाही. डी. एम. झालेल्या पोराने दिलं. म्हणाला, 'आजोबा, तुम्ही बसा ना पाच मिनिटं. आत्ता त्याला पहारेकऱ्याला फसवायचंय.'

मी बसलो. कावळा तुरुंगाच्या दाराशी उभा होता म्हणे. डी. एम. पहारेकऱ्याच्या आवाजात ओरडला, 'कोण आहे तिकडे?' आणि आमच्या नातवाच्या तोंडून दादर स्टेशनवरची बाई बोलली. गाडीचा नंबर, फलाट, झालेला उशीर, गैरसोयीबद्दलची दिलगिरी, एका श्वासात, एकही अक्षर न अडता. मग कुकरच्या तीन शिट्ट्या. मग सत्यनारायण सांगणारे भटजी. मग आमचे शेजारचे इंजिनियर, छातीच्या हाडासकट. 'क' आले, 'प' आले, सरसर निघून गेले. बाकीची दोघं टेबलावर डोकं टेकून हसत होती. पहारेकरी पार गोंधळला होता. मी आजवर आतल्या खोलीत पडून हे सगळे आवाज ऐकत होतो आणि मला वाटत होतं शेजारच्यांचा टी.व्ही. मोठा लागलाय.

डी. एम.ने फासा टाकला. 'पहारेकरी म्हणतो, तुझ्याबरोबर आणखी कोण आहे? त्याला बोलायला सांग.'

नातवाने माझ्याकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला, तोही अगदी मी खाकरतो तसा, आणि माझ्या आवाजात स्वयंपाकघराच्या दिशेने खणखणीत म्हणाला, 'अगं, पोरं केव्हाची बसलीत. चहा टाकतेस ना?'

'टाकतेय हो,' आतून ही म्हणाली, आणि गॅस पेटल्याचा आवाज आला.